डबा उघडून बघतात आणि परत ठेवतात, तो का?

एका कारखानदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत रबाळ्याला छोटं युनिट, स्टीलचे तीन पुडांचे डबे तयार होतात. पुडं १२ सेंमी व्यासाची, ६ सेंमी उंच, पत्रा ०.४ मिमीचा, प्रत्येक पुडाला गळती रोखणारी सिलिकॉनची रिंग बसवलेलं झाकण आणि तिन्ही पुडं एकत्र धरणारा दोन क्लिपांचा सांगाडा. दर भाईंदरहून येणाऱ्या मालापेक्षा थोडा चढा. ठाण्याच्या बाजारातले दुकानदार सांगतात, "गिऱ्हाईक हातात घेतं, उघडून बघतं, छान आहे म्हणतं आणि परत ठेवतं." एका डिझायनरने सल्ला दिलाय की डबा 'भावनिक' करा: बाहेरून फिका गुलाबी नाहीतर पुदिन्यासारखा रंग द्या, खोक्यावर 'आईच्या हातची माया' लिहा. एवढ्याने काम होईल का, आणि होत नसेल तर भावनेला भिडणारी वस्तू करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

रंग आणि ओळ यांचं काम खोकं उचलायला लावण्यापुरतं. तुमचं गिऱ्हाईक खोकं उचलतंच आहे, झाकणही उघडतंय. नकार येतोय तो त्याच्यानंतरच्या दहा-बारा सेकंदांत, आणि तो बोटांतून, कानातून, नाकातून येतोय. विचारायला जाल तर कारण सांगता येणार नाही; 'जरा हलका वाटला' म्हणतील नाहीतर सरळ भाव पाडायला लागतील. म्हणून आधी त्या दहा-बारा सेकंदांकडे बघू, आणि मग डबा घरी गेल्यावर वर्षभर काय होतं तिकडे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं तुम्ही माल कुठे विकता त्यावर अवलंबून आहे. दुकानात हात ठरवतो. ऑनलाइन विकत असाल तर आधी फोटो ठरवतो आणि मग एक-दोन स्टारचे शेरे ठरवतात, आणि ते शेरे जवळजवळ नेहमी गळती, वास आणि क्लिप यांच्यावरच असतात. कंपन्यांना दिवाळी भेट म्हणून देत असाल तर डबा विकत घेणारा माणूस तो डबा कधी वापरणारच नाही, तिथलं गणित तिसरंच. तुमचा प्रश्न दुकानाचा आहे असं धरून लिहितोय. भेटीचं शेवटी बघू.

डब्याला चार माणसं असतात: घेणारं, भरणारं, खाणारं आणि घासणारं. काही घरांत ती चारही एकच, काही घरांत चार वेगळी. घणसोलीत चौघे मिळून खोली घेऊन राहणारा मुलगा पोळीभाजी केंद्रातून आणून स्वतः भरतो. घोडबंदरला दोघंही नोकरी करणाऱ्या घरात रात्रीच भाजी होते आणि सकाळी ज्याचा हात मोकळा तो भरतो. घासायला बऱ्याच घरांत मावशी येतात. 'आईच्या हातची माया' ही ओळ या सगळ्यांतल्या एकाच घराशी बोलते, बाकीच्यांना ती दुसऱ्या कुणासाठी लिहिल्यासारखी वाटते. भावना शोधायची तर आधी कुणाची आणि दिवसातल्या कुठल्या वेळची, हे ठरवावं लागतं. घेणाऱ्याला वाटत असतं की आपण फसवले जाऊ नये. भरणाऱ्याला सकाळी साडेसहाला डोकं न चालवता झाकण बसायला हवं असतं. खाणाऱ्याच्या डोक्यात डबा नेताना एकच धास्ती: बॅगेत लॅपटॉप आहे आणि शेजारी आमटी. खाणारा चारचौघांत डबा उघडतो, तिथे संकोच किंवा तोरा. आणि घासणाऱ्याच्या वाट्याला खाचेत अडकलेलं खरकटं.

जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गुणवत्तेची एक विभागणी मांडली, ती इथे फार उपयोगी पडते. काही गुण असले तर कुणी कौतुक करत नाही, पण नसले तर माणूस चिडतो. काही जितके वाढवाल तितकं समाधान वाढतं. आणि काही नसले तर कुणाला आठवणही होत नाही, पण दिसले की मन खूश होतं. डबा न गळणं पहिल्या गटातलं. 'बघा, आमचा डबा गळत नाही' म्हणून कुणी मिठी मारणार नाही. एकदा गळला मात्र की तो डबा त्या घरात कायमचा कोरड्या खाऊचा होतो. वजन, पोळी मऊ राहणं हे दुसऱ्या गटातलं. फिका रंग, नाव घालायची जागा, कुठलंही झाकण कुठल्याही पुडाला बसणं हे तिसऱ्यातलं. तिसऱ्या गटावर केलेला खर्च पहिला गट धड नसेल तर पाण्यात जातो. तुमच्या डिझायनरने नेमकी तिसऱ्यापासून सुरुवात केलीय.

आता दुकानातला क्षण. पहिली गोष्ट येते नाकाला. झाकण लावलेल्या अवस्थेत डबा खोक्यात महिना-दोन महिने पडून असतो. सिलिकॉनची रिंग आतल्या बंद हवेत वास सोडत राहते आणि गिऱ्हाईक झाकण उघडतं तेव्हा रबरासारखा भपकारा येतो. जिथे जेवण ठेवायचं तिथून असा वास आला की पुढचं काही बघायची इच्छाच जाते. याचं कारण बहुतेक वेळा एकच: रिंग मोल्डमधून काढल्यावर ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांना चार तास भाजायची असते, म्हणजे आत उरलेले उडणारे अंश निघून जातात. विजेचं बिल वाचवायला पुरवठादार ही पायरी गाळतात. तपासायची रीत सोपी आहे. पाच-सहा रिंगा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घाला, बरणी रात्रभर उबदार जागी ठेवा, सकाळी झाकण काढून हुंगा. वास आला तर तो सगळा लॉट परत. शिवाय पॅकिंग करताना झाकण दाबून लावू नका, नुसतं वर टेकवा, नाहीतर रिंग वेगळ्या छोट्या पिशवीत द्या. या बदलाला नवा साचा लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य. माझा अंदाज आहे की तुमच्या 'परत ठेवतं' मधला मोठा वाटा इथेच आहे.

दुसरी गोष्ट बोटांची. माणूस नकळत काठावरून अंगठा फिरवतो. काठ वळवलेला असला तरी कापलेल्या पत्र्याचं टोक आत नीट वळलं नसेल तर तिथे बारीक बर, म्हणजे धातूची धारदार कड, राहते, ती दिसत नाही पण लागते. कापसाचा बोळा घ्या आणि काठावरून आतून-बाहेरून पूर्ण फेरी मारा. धागे अडकले तर तिथे बर आहे. मग तोच बोळा खायच्या तेलात बुडवून वळलेल्या काठाच्या खाचेत फिरवा. बहुतेक नव्या डब्यांतून तो करडा-काळा होऊन निघतो. बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणायच्या पॉलिशच्या, वडीचा मेणचट भाग आणि धातूची बारीक भुकटी काठाच्या खाचेत जाऊन बसते आणि साध्या पाण्याने निघत नाही, तेलाने सुटते. घरी पहिल्यांदा पांढऱ्या फडक्याने पुसताना फडकं काळं झालं की घरातल्या माणसाला एकच प्रश्न पडतो: हे पोटात जात होतं का? त्यावर कुठलीही गुलाबी छटा उपाय नाही. पॉलिशनंतर ६०-७० अंशांच्या अल्कलीच्या पाण्यात धुलाई, काठाला ब्रश, स्वच्छ पाण्याच्या दोन खंगाळण्या आणि गरम हवेने वाळवणं, एवढं हवंच. जॉबवर्कला देत असाल तर तेलाच्या बोळ्याची तपासणी माल ताब्यात घेतानाच करा.

तिसरी गोष्ट कान आणि वजन, ही दोन्ही एकत्र येतात. लोक पुडाच्या तळाला अंगठा दाबून बघतात. तळ सपाट आणि पत्रा पातळ असेल तर तो 'टक' करून आत जातो आणि 'टक' करून परत येतो. त्या एका आवाजावर 'लेचापेचा' असा शिक्का बसतो. बरेच कारखानदार यावर उपाय म्हणून पत्रा जाड करतात, तेव्हा जरा हिशेब करू. १२ सेंमी व्यास आणि ६ सेंमी उंचीच्या पुडाचा तळ ११३ चौरस सेंमी, भिंत २२६, मिळून ३३९. पत्रा ०.४ मिमी असेल तर पुडाचं वजन सुमारे १०८ ग्रॅम, ०.५ ला १३४, ०.६ ला १६१. म्हणजे दर ०.१ मिमीला पुडामागे सुमारे २७ ग्रॅम, झाकण धरलं तर चाळीसच्या आसपास, तिन्ही पुडांचे १२० ग्रॅम. किलोचा दर तुमच्याकडे आहेच, गुणाकार करा. पण पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे: दुकानात हाताला जड आवडतं आणि सकाळी ८ च्या लोकलमध्ये खांद्याला हलकं. त्याच माणसाला दोन्ही हवं असतं, फक्त वेगवेगळ्या वेळी.

म्हणून ग्रॅम कुठे घालायचे ते निवडा. तळाला आतल्या बाजूला साधारण १ मिमीचा फुगवटा द्या आणि भोवती एक गोल खोबण उमटवा. पत्रा तोच राहून तळ कडक होतो, टकटक जाते, ओट्यावर ठेवल्यावर डबाही डगमगत नाही. ०.५ मिमीचा पत्रा आणि हा तळ मिळून ०.६ च्या सपाट तळापेक्षा भक्कम वाटतो. शिवाय वाचलेलं वजन सांगाड्याच्या कडीला द्या, कारण हाताची पकड तिथे असते. कडीची तार बारीक असली तर भरलेला डबा बोटांना काचतो.

दुकानात अजून एक नाटक चालतं: दुकानदार लोहचुंबक काढतो. चिकटलं तर 'भेसळ' अशी समजूत. खरं म्हणजे ३०४ ग्रेडचा पत्रा, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ड्रॉ करताना, म्हणजे साच्यात दाबून पुडाचा आकार देताना, ताणला गेला की कोपऱ्यांत किंचित चुंबकीय होतो. उलट मँगनीज जास्त आणि निकेल कमी असलेला २०० मालिकेतला स्वस्त पत्रा चुंबकाला बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणजे चांगला माल नापास आणि हलका माल पास, असंही होतं. याला उत्तर म्हणून तळावर ग्रेड ठसठशीत उमटवा, आयएस १४७५६ या भांड्यांच्या मानकाची पूर्तता करून तो शिक्का दाखवा, आणि खोक्याच्या बाजूला चुंबकाबद्दल दोन सोप्या ओळी छापा. फसवलं जाण्याची भीती हीसुद्धा भावनाच आहे, आणि स्टीलच्या बाजारात सर्वांत जोरकस तीच.

आता डबा घरी गेला. नेणाऱ्याची धास्ती घालवायची तर गळतीची चाचणी पाण्याने करून भागत नाही. पाणी जिथे थांबतं तिथून तेल सरकत जातं, आणि आपल्या रस्स्यावर तर्री असते. कोमट पाणी, दोन चमचे तेल आणि चमचाभर हळद यांचं मिश्रण पुडात पाऊण भरा, डबा बंद करून वर्तमानपत्रावर आडवा ठेवा, तासाभराने बघा. हळद असल्यामुळे थेंब कुठून आला ते लगेच कळतं. मग तोच डबा खांद्याच्या उंचीवरून, साधारण सव्वा मीटरवरून, लादीवर क्लिपेच्या बाजूवर पाडा आणि चाचणी पुन्हा करा. बऱ्याच डब्यांचं खरं रूप पडल्यानंतरच दिसतं, कारण काठ अर्धा मिमी जरी चेपला तरी रिंग तिथे टेकत नाही.

रिंगचा दाब हा सांगाड्याशी बांधलेला आहे. एका पुडाची उंची ०.३ मिमी कमी-जास्त झाली तर काही बिघडत नाही, पण तिन्ही पुडं एकदम जास्त किंवा एकदम कमी उंचीची निघाली तर जवळजवळ १ मिमीचा फरक पडतो. क्लिपेत तेवढी स्प्रिंग नसेल तर काही डबे इतके घट्ट की उघडत नाहीत आणि काही इतके ढिले की बॅगेत खुळखुळतात. या खुळखुळ आवाजाकडे कारखान्यात कुणी लक्ष देत नाही. लोकलच्या शांत डब्यात तो चमच्यासकट सगळ्यांना ऐकू जातो. क्लिपेला दीड ते दोन मिमीची लवचीक हालचाल ठेवा. रिंग बसवल्यावर तिची जाडी वीस-पंचवीस टक्के दबली पाहिजे. सिलिकॉन कडक असेल, शोअर ए या कडकपणाच्या मापात ६० वगैरे, तर तेवढं दाबायला क्लिपला जोर जास्त लागतो; ४० ते ५० च्या मध्ये घेतलं तर हात सुखी राहतो.

तो जोर मोजायला महागडं यंत्र नको. बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, क्लिपच्या टोकाला दोरा अडकवून ओढा आणि सुटताना आकडा बघा. मी दीड ते अडीच किलोंच्या मध्ये ठेवायला सांगतो. त्याखाली बॅगेत आपोआप सुटायची शक्यता, तीनच्या वर गेलं की नखं मोडतात आणि साठीपुढचा माणूस डबा दुसऱ्याकडे उघडायला देतो. रोज दुसऱ्याला सांगावं लागणं कुणाला आवडतं? दोन्ही क्लिपांत अर्ध्या किलोहून जास्त फरक नको, नाहीतर एकीचा आवाज 'टक' आणि दुसरीचा 'फस्स' येतो आणि मनात शंका राहते की बंद झाला की नाही. क्लिप बंद झाल्याचा ठाम आवाज हा भरणाऱ्यासाठी निरोप आहे. तो दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा.

क्लिप सुटली तरी झाकण निघत नाही, ही वेगळीच गंमत. गरम भात भरून लगेच झाकण लावलं की आतली हवा आणि वाफ थंड होताना आकसतात आणि आतला दाब उतरतो. १२ सेंमीच्या झाकणावर बाहेरच्यापेक्षा फक्त दहा टक्के दाब कमी झाला तरी साडेअकरा किलोंच्या आसपास भार बसतो. महापे नाहीतर ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये दुपारी एकला बघा: माणूस झाकणाशी झटापट करतो, शेवटी चमच्याच्या दांड्याने उचकटतो, झाकण एकदम सुटतं आणि आमटीचे शिंतोडे शर्टावर. चारचौघांत झालेली ही फजिती वर्षभर लक्षात राहते, आणि दोष डब्यालाच दिला जातो. झाकणात ४-५ मिमीचं भोक आणि त्यात सिलिकॉनचं छोटं बटण बसवा. बटण उचललं की हवा आत जाते आणि झाकण हलक्या हाताने निघतं. बटण धुवायला पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत त्याच्याखाली काळं धरतं.

झाकण आतून सपाट असेल तर वाफेचे थेंब मधोमध साचून पोळीवर टपकतात. झाकणाला बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिमीचा घुमट दिला तर थेंब घरंगळून काठाकडे जातात. पोळीचंच बोलतोय तर आणखी एक मोजमाप. १८ सेंमीची पोळी चौघडी केली की तिच्या दोन टोकांतलं अंतर १२.७ सेंमी होतं. तुमच्या १२ सेंमीच्या पुडात ती टोकं दुमडूनच बसतात, आणि दुपारपर्यंत दुमडलेल्या जागी वाळून तुटतात. घरी पोळ्या २० सेंमीच्या होत असतील तर १४.१ सेंमी लागतील. पुढची डाय (साचा) करताना पोळीसाठी तरी व्यास १४ च्या पुढे न्या. मात्र व्यास १२ ठेवून नुसती उंची वाढवायचा मोह आवरा: ६ सेंमी उंचीला पत्र्याच्या मूळ सपाट चकतीचा व्यास सुमारे २०.८ सेंमी येतो, पुडाच्या व्यासाशी त्याचं गुणोत्तर १.७३, एका ड्रॉमध्ये निघतं. ९ सेंमी उंची केली की चकती २४ सेंमीची, गुणोत्तर २, तिथे पत्रा फाटायला लागतो आणि दुसरा ड्रॉ द्यावा लागतो. व्यास वाढवणारच असाल तर तिन्ही पुडांचा एकच ठेवा, म्हणजे कुठलंही झाकण कुठेही बसेल. सकाळी अर्धवट झोपेत 'हे झाकण कुणाचं' हा शोध वाचला याबद्दल कुणी आभार मानत नाही, पण दुसऱ्या ब्रँडचा डबा घेतला की लगेच आठवण होते.

डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा करायचं असेल तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. डब्याच्या दिवसाचा शेवट मोरीत किंवा सिंकमध्ये होतो, आणि तिथे डिझायनर सहसा पोचतच नाही. आतल्या कोपऱ्याची गोलाई २-३ मिमी असेल तर बोट तिथे जात नाही आणि भाताचं शीत राहतं. गोलाई ८ मिमीच्या आसपास ठेवा, घासणी एका फेरीत फिरते. रिंगच्या खाचेची रुंदी ४ मिमी तरी हवी, आणि रिंगला बाहेर आलेला एक छोटा कान ठेवा, म्हणजे ती सुरीने उचकटावी लागत नाही. पांढरी किंवा दुधी रिंग नको. हळद सिलिकॉनला धरते आणि आठवड्यात रिंग पिवळट, मळकी दिसायला लागते. उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो, पण ते करणार कोण? करडी, गडद हिरवी नाहीतर सरळ हळदीचीच पिवळी घ्या. प्रत्येक खोक्यात एक जादा रिंग द्या आणि दुकानात सुट्या रिंगा मिळतील असं बघा. रिंग मिळत नाही म्हणून अख्खा डबा टाकावा लागणं माणसाला जिवावर येतं.

फिनिशबद्दल माझं मत ठाम आहे: बाहेरून मॅट, काठ आणि आतली बाजू चकचकीत. बाहेरचा आरसा दुकानात आणि फोटोत देखणा दिसतो, पण तारेच्या घासणीने तीन महिन्यांत त्याची रया जाते. मॅटवर ओरखडे मिसळून जातात. आत चकचकीत अशासाठी की तेल-हळद चटकन सुटते. रंगीत पावडर कोटिंग काठाशी आणि क्लिपेच्या घासणाऱ्या जागी आधी उडतं, म्हणून रंग द्यायचाच असेल तर झाकणाच्या वरच्या बटणाला, रिंगला द्या. देखणेपणाला मी कमी लेखत नाही. हिताचीच्या कुरोसु आणि काशिमुरा यांनी १९९५ मध्ये एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. लोकांना जी मांडणी सुंदर वाटली तीच वापरायला सोपीही वाटली. पहिला कौल रूपाचाच असतो. पण तुमचा डबा रोज घासला जातो, तेव्हा सहाव्या महिन्यातलं रूप बघून निर्णय घ्या. त्यासाठी थांबायची गरज नाही: तारेच्या घासणीने शंभर वेळा घासून, हळदीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलेला नमुना नव्या नमुन्याशेजारी मांडा.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची जुनी पद्धत आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख. लोक ज्या भांड्याला जपतात त्यावर बहुधा ते असतं. त्याच्यासाठी बाजूच्या भिंतीवर साधारण ४० × १२ मिमीची कोरी, मॅट जागा ठेवा. ०.४ च्या पत्र्यावर कोरताना भिंत थरथरते आणि ठिपके फाटके येतात, ०.५ ला बरं जमतं. लेझरने नाव घालून देणार असाल तर लक्षात ठेवा, उष्णतेने वरचा क्रोमियमचा संरक्षक थर बिघडतो आणि अक्षरांच्या कडेने तांबूस गंज येऊ शकतो. सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन, म्हणजे तो थर पुन्हा धरायला लावणारी धुलाई, करून घ्या, मग दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून बघा. नावालाच गंज चढला तर केलेलं सगळं उलटतं.

हे सगळं माझ्या शब्दावर करू नका, लोकांवर तपासा. पण 'आवडला का' असं विचारू नका. आपल्याकडे समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून 'छान आहे' म्हणतात, तुमच्या दुकानदाराने तेच ऐकलंय. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात कान्सेई अभियांत्रिकी, म्हणजे वस्तूबद्दल लोकांना काय वाटतं ते मोजून रचनेत उतरवायची पद्धत, उभी केली. माझदाने १९८९ मध्ये आणलेल्या एमएक्स-५ गाडीसाठी तिचा वापर केला. त्यातली साधी पायरी तुम्हाला पुरेल. लोक डब्याबद्दल बोलताना जे शब्द वापरतात ते टिपा आणि जोड्या करा: भक्कम-लेचापेचा, टापटीप-गबाळा, घरचा-हॉटेलातला, विश्वासाचा-शंकेचा. प्रत्येक जोडीच्या मध्ये सात चौकोन. चार नमुने करा, त्यातल्या तिघांत मूळ डब्यापेक्षा एकेकच बदल: एकात तळ, एकात फिनिश, एकात क्लिप; चौथा मूळचा. पंचवीस-तीस माणसांना उलटसुलट क्रमाने हाताळायला देऊन खुणा करायला सांगा. एकदा डोळे मिटूनही उघडझाप करायला लावा. तिथे आवाज आणि काठ यांचा कौल स्वच्छ मिळतो. घेणारे आणि भरणारे यांचे तक्ते वेगळे ठेवा, एकत्र सरासरी काढली की दोघांचंही म्हणणं पुसलं जातं. सरासरीत एका चौकोनाहून कमी फरक असेल तर त्या बदलावर पैसे घालू नका. आणि शेवटी एकच प्रश्न: पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलीला यातला कुठला द्याल? त्या उत्तराला मी सगळ्या चौकोनांपेक्षा जास्त वजन देतो, कारण तिथे भीड मध्ये येत नाही.

क्रम लावायचा तर रिंग भाजणं, पॅकिंगमध्ये झाकण सैल ठेवणं, काठाची धुलाई आणि रिंगचा रंग हे चार बदल याच महिन्यात होतात, डायला हात न लावता. हे करून दुकानदाराला पुन्हा विचारा. मग तळाची खोबण, झाकणाचा घुमट आणि हवेचं बटण, हे डायमधले छोटे बदल. व्यास आणि कोपऱ्याची गोलाई हा मोठा खर्च, तो नव्या मॉडेललाच घाला.

दिवाळी भेटीच्या ऑर्डरी घेणार असाल तर एक भांडण ठरलेलं: कंपनीला समोर मोठा लोगो हवा असतो. असा डबा कर्मचारी घरी नेतात आणि त्यात रवा भरून ठेवतात. लोगो तळाला किंवा कापडी पिशवीवर घ्या आणि भिंतीवरची ती कोरी जागा नावासाठी सोडा. कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी मागवून नावं घालून द्यायची तयारी दाखवलीत तर खरेदी खात्याचा माणूसही लोगोचा हट्ट बहुधा सोडतो. नावांचं लेखन मात्र त्यांच्याकडून देवनागरीत तपासून, सही घेऊनच मशीनवर चढवा.